घोटा परत परत मुरगळतोय, तर पोराचा फुटबॉल बंद करायचा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा १५ वर्षांचा, कोल्हापुरात पेठेतल्या एका तालमीच्या ज्युनियर संघात विंगला खेळतो. जानेवारीत उजवा घोटा मुरगळला. आठ दिवस घरी बसला, नवव्या दिवशी अँकल बँड घालून मैदानात. मार्चमध्ये तोच घोटा पुन्हा, आणि या वेळी सूज जास्त. आई म्हणते, आता फुटबॉल बंद. वडील विचारतात की खेळ चालू ठेवून दुखापत टाळायची असेल तर नेमकं काय करायचं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. त्याआधी दहा वर्षं शाहू स्टेडियमच्या मातीवर डिफेन्सला खेळलो, आणि गेली वीसेक वर्षं टचलाइनच्या बाहेर बर्फाचा डबा घेऊन बसतोय. या वीस वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा ऐकू आलेलं वाक्य म्हणजे, "काही नाही हो, पट्टी बांधा, खेळतो." माझ्याकडे येणाऱ्या जखमींपैकी फार थोड्यांना समोरच्याच्या लाथेनं पाडलेलं असतं. बरेचसे आधीच्या अर्धवट बऱ्या झालेल्या दुखण्यानं पाडलेले असतात. घोटा असो की मांडीमागचा हॅमस्ट्रिंग, नवी दुखापत होण्याचं एक मोठं कारण म्हणजे त्याच जागची जुनी दुखापत. तुमच्या मुलाचं मार्चमधलं मुरगळणं मार्चमध्ये झालंच नाही. ते जानेवारीत, त्या नवव्या दिवशी झालं.

का, ते सांगतो. घोटा मुरगळतो तेव्हा बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलं जातं किंवा थोडं फाटतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या लिगामेंटमध्ये नसांची बारीक टोकं असतात. पाय वाकडा पडतोय ही खबर ती मेंदूला देतात, आणि मेंदू लगेच पोटरीच्या बाहेरच्या स्नायूंना आवळून पाय सावरतो. सूज उतरते, दुखणं थांबतं, पण ही खबर देणारी यंत्रणा तेवढ्यात परत येत नाही. पोरगं सरळ रेषेत पळतं, त्याला वाटतं आपण बरे झालो. मग एक दिवस उडी मारून खाली येताना पाऊल जरा तिरकं पडतं, खबर उशिरा पोहोचते, आणि घोटा परत जातो.

आज घरीच एक गोष्ट करून बघा. मुलाला अनवाणी एका पायावर उभं करा, हात छातीशी, डोळे मिटून. आधी डावा पाय, मग उजवा. दोन्हीकडे किती सेकंद टिकतो ते मोजा. माझा अंदाज, डाव्यावर निवांत उभा राहील आणि उजव्यावर पाच-सात सेकंदांत भिंत शोधेल. हा फरक अँकल बँडनं भरून निघत नाही. पट्टी तर त्याहून फसवी. क्रेप बँडेज घामानं आणि पळण्यानं दहा-पंधरा मिनिटांत सैल होतं, उरतो तो फक्त धीर. लेसवाला चांगला अँकल ब्रेस किंवा जाणकारानं नीट केलेलं टेपिंग एकदा मुरगळलेल्या घोट्याला खरोखर उपयोगी पडतं, पण तेही व्यायामाच्या जोडीला, व्यायामाऐवजी नाही.

व्यायाम साधा आहे आणि फुकट आहे. रोज सकाळ-संध्याकाळ दात घासताना उजव्या पायावर उभं राहायचं. आठवडाभरानं तेच उशीवर उभं राहून. मग त्याच स्थितीत भिंतीवर चेंडू मारून झेलायचा. त्यानंतर एका पायावर टाच उचलणं: आधी जमिनीवर, मग पायरीच्या कडेवर, दोन्ही पायांवर सारखी संख्या होईपर्यंत. मग एका पायावर उड्या, पुढे, मागे, आडव्या. शेवटी आठच्या आकड्यात पळणं आणि एकदम थांबून वळणं. हे सगळं दुखणं, सूज आणि भीती न येता झालं की मगच संघासोबत सराव, आणि पूर्ण आठवडा सराव निभला की मॅच. कॅलेंडर बघून परत यायचं नाही, घोटा बघून परत यायचं. हे दोनदा मुरगळलेलं प्रकरण आहे, सहा ते आठ आठवडे धरून चाला.

त्याआधी एक शंका मात्र दूर करून घ्या. मार्चमध्ये एक्स-रे काढला होता का? मुरगळल्यावर लगेच किंवा दवाखान्यात नेल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडाच्या मागच्या कडेला, खालच्या बोटभर भागात, दाबल्यावर नेमकं हाडावर दुखत असेल, तर एक्स-रे काढायचाच. पायाच्या मधल्या भागात, करंगळीच्या रेषेत वर जिथं हाड टोचतं, तिथं दुखलं तरी तेच. १५ वर्षांच्या मुलाच्या हाडांच्या टोकाला अजून वाढीची चकती उघडी असू शकते आणि ती लिगामेंटपेक्षा नाजूक असते. मोठ्या माणसात जे निव्वळ मुरगळणं असतं, ते मुलात कधी कधी त्या चकतीचं दुखणं निघतं.

आता आपल्या पेठांमधला नाजूक विषय. आपले फुटबॉल संघ ज्या तालमींचे, त्या मुळात कुस्तीच्या. तेल लावून रगडणं, अंग मोडून घेणं, हाडवैद्याकडे जाऊन "बसवून घेणं" हे आपल्या रक्तात आहे. मालीश मलाही आवडते. पण ताज्या दुखापतीवर नाही. पहिले दोन-तीन दिवस आत रक्तस्राव आणि सूज चालू असते. त्यावर रगडलं, शेक दिला, खेचलं, की ती वाढते. मांडीवर गुडघा बसून मुका मार लागलेला असेल तर प्रकरण अजून वाईट होऊ शकतं. जोरात चोळलेल्या त्या रक्ताच्या गाठीत काही वेळा चक्क हाड तयार होतं. एक सेंटर फॉरवर्ड मांडीत लाडूएवढी टणक गाठ घेऊन माझ्याकडे आला होता. सलग चार दिवस तेल-हळदीनं रगडून घेतलं होतं. पुढचे कित्येक महिने त्याचा गुडघा पुरता वाकत नव्हता.

पहिल्या दोन दिवसांत एवढंच: खेळ थांबवा, ओल्या फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून चार-पाचदा, मधल्या वेळेत पट्टीचा हलका दाब, आणि झोपताना पाय उशीवर छातीच्या वर. बर्फ थेट कातडीवर धरू नका, कातडी जळते. मैदानावर डबा नसेल तर गोळ्याच्या गाडीवरून किसलेला बर्फ आणून रुमालात बांधला तरी चालतो. मी कित्येकदा तेच केलंय, फक्त सरबत घालू नका म्हणून सांगावं लागतं.

आणि वेदनाशामक गोळी खाऊन किंवा स्प्रे मारून खेळणं पोराला कधीच शिकवू नका. दुखणं हा शरीराचा रेफ्री आहे. त्याची शिट्टी काढून घेतली म्हणजे फाऊल होत नाही असं नाही. मी स्वतः एका फायनलला गुडघ्यावर टेप गुंडाळून आणि गोळी खाऊन उतरलो होतो. आम्ही जिंकलो. माझा उजवा मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी, त्याच दिवशी गेला, आणि आजही जिना उतरताना तो गुडघा कटकट करतो. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती, हे आवर्जून सांगतो.

हे झालं घोट्याचं. पण तुमचा खरा प्रश्न "पुढे काय" हा आहे, म्हणून वॉर्मअपबद्दल बोलतो. आपल्याकडे मॅचआधी काय होतं ते तुम्ही बघितलंच असेल. अर्धे खेळाडू पाच मिनिटं आधी मोटारसायकलवरून येतात, बूट बांधतात, दोनदा वाकून अंगठे धरतात, आणि थंड मांडीनं गोलकीपरवर बत्तीस शॉट मारायला लागतात. हॅमस्ट्रिंग तिथंच जातो, मॅच सुरू व्हायच्या आधी.

फिफाच्या वैद्यकीय संशोधन केंद्रानं ११+ नावाचा एक वॉर्मअप तयार करून घेतला. त्यात तीन भाग आहेत: आठ मिनिटं हलकं पळणं, वळणं आणि जोडीदाराला हलका खांदा देणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, आणि शेवटी दोन मिनिटं जोरात पळणं. एकूण २० मिनिटं, आणि लागतो फक्त चेंडू. नॉर्वेत १२५ क्लबांतल्या १३ ते १७ वयाच्या सुमारे १,९०० मुलींवर याची चाचणी झाली आणि २००८ मध्ये तिचे निकाल आले. ज्या संघांनी हा वॉर्मअप केला त्यांच्यात एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशानं कमी होत्या आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यानं. लहान मुलांसाठी, म्हणजे १३ वर्षांखालच्यांसाठी, वेगळा प्रकार आहे आणि त्यात पडायचं कसं हेही शिकवतात. पडायला शिकवणं ही कल्पना आपल्या कुस्तीच्या पेठेला नवी नसावी, पण फुटबॉलच्या सरावात ती मला क्वचितच दिसते.

त्यातले दोन तुकडे जरा जवळून बघा. पहिला, नॉर्डिक. गुडघ्यावर उभं राहायचं, मित्रानं मागून दोन्ही घोटे दाबून धरायचे, आणि पाठ-कंबर ताठ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. मांडीमागचा स्नायू सोडून देईल तिथं हातावर पडायचं. पहिल्या दिवशी तीनच करा. दुसऱ्या दिवशी बसता-उठताना कळेल की काय केलं होतं. नेमानं हा व्यायाम करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यानं कमी झालेल्या दिसल्या आहेत. दुसरा, उडी मारून उतरणं. मुलाला हेडरची, म्हणजे डोक्यानं चेंडू मारायची, उडी मारायला लावा आणि समोरून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या. खाली येताना गुडघे एकमेकांकडे आत झुकतात का? पाय ताठ ठेवून उतरतो का? एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं मुख्य लिगामेंट, बहुतेक वेळा अशाच क्षणी तुटतं, कुणी न मारता. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून, गुडघे-कमरेत मऊ वाकून, मांजरासारखं आवाज न करता उतरायचं. मुलींमध्ये एसीएल तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा दोन-तीन पट आहे, म्हणून मुलींच्या संघाला हा भाग रद्द करायची मुभा नाही, असं मी प्रशिक्षकांना सांगतो. एसीएलच्या ऑपरेशननंतर नऊ महिन्यांच्या आत मैदानात आणा म्हणणारे पालक भेटले की मी हात जोडतो.

आता मोजणी. मुलगा आठवड्यात किती तास खेळतो? तालमीचा सराव, शाळेचा संघ, रविवारची मॅच, आणि रात्री मित्रांबरोबर टर्फवर तासभर. घरच्यांना हा शेवटचा तास धरायची सवय नसते. ढोबळ नियम असा की आठवड्याचे एकूण तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत आणि एक दिवस तरी पूर्ण सुट्टी हवी. या वयात गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखणं किंवा त्याहून लहान मुलांत टाच दुखणं हे बहुधा वाढीच्या वयातल्या अतिभारामुळं असतं. भार कमी केला की बसतं.

टर्फबद्दल एक टोचणी. मातीवरचे लांब स्टडचे (तळाच्या खुंट्यांचे) बूट घालून आर्टिफिशियल टर्फवर खेळू नका. स्टड रुततो, पाय जागेवर राहतो आणि वरचं शरीर वळतं. त्यात बळी जातो गुडघ्याचा किंवा घोट्याचा. टर्फसाठी तळाला बारीक रबरी उंचवटे असलेले बूट वेगळे मिळतात. बूट "पुढच्या वर्षीही चालेल" म्हणून एक नंबर मोठा घेऊ नका, हे वडिलांसाठी. आणि नडगीवरचं शिनगार्ड. खेळाच्या नियमांत ते सक्तीचं आहे, मोज्याच्या आत पूर्ण झाकलेलं. मोज्यात पुठ्ठा घालून रेफ्रीला दाखवणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि खरं सांगायचं तर आम्हीही तेच करायचो. कडं, साखळी, कानातली बाळी काढायची. वर चिकटपट्टी लावलेली चालत नाही, नियमच तसा आहे.

मॅचआधी मैदानावर एक फेरी मारा. एप्रिलमध्ये माती दगडासारखी होते, खड्डे कोरडे पडतात, काचेचा तुकडा कुठंतरी असतोच. हलवता येणारा गोलपोस्ट जमिनीत रोवलेला किंवा मागून वजन टाकून धरलेला आहे का, ते हातानं हलवून बघा, आणि पोरांना आडव्या दांडीला लोंबकळू देऊ नका. पोस्ट अंगावर पडून मुलं दगावल्याच्या घटना अनेक देशांत झाल्या आहेत. पावसाळ्यात ढग गडगडले की मैदान सोडायचं, झाडाखाली नाही, इमारतीत किंवा गाडीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत यायचं नाही. मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून खेळणाऱ्यांनी पायावरची जखम झाकावी आणि नंतर साबणानं धुवावी. लेप्टो, म्हणजे अशा पाण्यातून जखमेवाटे शिरणारा ताप, तिथं पावसाळ्यात माणसं नेतो. असं खेळून आठ-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना चिखलात खेळल्याचं सांगा.

ऊन हा आमच्या हंगामाचा मोठा शत्रू. दुपारची मॅच असली की सकाळपासून पाणी, मॅचमध्ये दर संधीला घोट-घोट, नंतर ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबू. मॅचमध्ये पाण्यासाठी थांबायची तरतूद नियमांत आहे, कॅप्टननं सुरुवातीलाच रेफ्रीकडे मागावी. पोटरीत गोळा आला तर बाजूला घेऊन स्नायू ताणा, पाणी द्या. पण खेळाडू बरळायला लागला, झोकांड्या देऊ लागला, अंग तापलेलं, तर तो उष्माघात समजा. बूट-जर्सी काढा, सावलीत घ्या, बादल्याच्या बादल्या गार पाणी ओता, बर्फ लावा, पंख्यानं वारा घाला. एकानं १०८ ला फोन लावायचा, बाकीच्यांनी पाणी ओतत राहायचं. रुग्णवाहिकेची वाट बघत नुसतं बसलात तर हातचा वेळ जातो.

डोक्याला लागलेल्याबद्दल मी कुणाचंही ऐकून घेत नाही. कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, व्हायला बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही. शांतपणे तीन प्रश्न विचारा: आपण कुठल्या मैदानावर आहोत, आत्ता कुठला हाफ चालू आहे, शेवटचा गोल कुणी मारला? उत्तर अडखळलं, डोकं जड वाटतंय म्हणाला, नजर हरवली, की बाहेर. त्या दिवशी परत आत नाही, फायनल असली तरी. उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, हातापायात मुंग्या, यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल. मान दुखतेय म्हणाला तर त्याला उचलून बसवू नका, आहे तसाच ठेवा. हेडिंगबाबत अमेरिकेच्या फुटबॉल महासंघानं २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते बंद केलं. आपल्याकडे बारा वर्षांच्या पोराला फुगलेल्या जड चेंडूवर पन्नास हेडर मारायला लावणारे प्रशिक्षक अजून आहेत.

हृदयाचं थोडक्यात, कारण ते क्वचित होतं पण तेव्हा वेळ मिळत नाही. ५ डिसेंबर २००४ ला बंगळुरूत फेडरेशन कपच्या फायनलला गोव्याच्या डेम्पोचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर मोहन बागानविरुद्ध दुसरा गोल मारताना गोलकीपरला धडकला, कोसळला, आणि गेला. १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा क्रिस्तियान एरिक्सन कुणीही न धडकता कोसळला. मैदानावरच छातीवर दाब सुरू झाले, डीफिब्रिलेटर या यंत्रानं हृदयाला विजेचा झटका दिला, आणि पुढच्या वर्षी तो परत खेळला. मैदानात कुणी आपोआप कोसळला, हाक मारून उठत नाही, नीट श्वास नाही, तर तोंडावर पाणी मारण्यात आणि कांदा हुंगवण्यात मिनिटं घालवू नका. छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब, मदत येईपर्यंत. तुमच्या संघातल्या चार जणांना हे येतं का? आणि पोराला खेळताना कधी चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं झालं असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर हंगामाआधी हृदयतज्ज्ञाला दाखवा.

जाता जाता, गोल झाल्यावरच्या कोलांट्याही बंद. २०१४ मध्ये मिझोराममधला एक खेळाडू गोल साजरा करताना कोलांटी मारून मानेवर पडला आणि वाचला नाही.

आता तुमच्या घरचं. वहिनींचं या हंगामापुरतं बरोबर आहे, त्यांना तसं सांगा. हा हंगाम मुलाचा संपला. जूनपर्यंत तो घोटा तयार होईल, पुढच्या हंगामाआधी डोळे मिटून दोन्ही पायांवर सारखाच उभा राहील. तोवर संघापासून तोडू नका, पंधराव्या वर्षी ते जास्त दुखतं. प्रशिक्षकांशी बोलून बर्फाचा डबा, पाण्याच्या बाटल्या आणि ११+ च्या वॉर्मअपची शिट्टी त्याच्याकडे द्या. मॅचच्या पाऊण तास आधी मोठ्या पोरांना मैदानावर गोळा करणं त्याच्याकडून होतं का बघा. माझ्याकडून अजून होत नाही.